अ‍ॅनोटेशनद्वारे प्रवेशनियंत्रण (जावा)

जावा या संगणकीय भाषेत लिहिलेल्या वेब सर्व्हरवर कोणती विनंती कोणास करता येईल, याचा नियम संबंधित क्लासच्या किंवा मेथडच्या वरच लिहून ठेवण्याच्या पद्धतीस अ‍ॅनोटेशनद्वारे प्रवेशनियंत्रण म्हणतात. ‘@’ या चिन्हाने सुरू होणारी नोंद म्हणजे अ‍ॅनोटेशन. ही नोंद स्वतः कोणासही अडवीत नाही; ती वाचून अंमलात आणणारा घटक सर्व्हरमध्ये असावा लागतो.

इतिहास

अ‍ॅनोटेशनची सोय जावाच्या पाचव्या आवृत्तीत २००४ साली आली. त्यापूर्वी असे नियम मुख्यतः ‘वेब डॉट एक्सएमएल’ या वेगळ्या फाइलमध्ये लिहिले जात. प्रोग्रॅम बदलला आणि फाइल तशीच राहिली, की दोहोंत तफावत पडे. २००६ साली जेएसआर २५० या विनिर्देशाने काही सामाईक नोंदी निश्चित केल्या. २००९ च्या सर्व्हलेट ३.० मध्ये ‘@सर्व्हलेटसिक्युरिटी’ या नोंदीची भर पडली.

प्रमुख नोंदी

‘@रोल्सअलाउड’ ही नोंद केवळ सांगितलेल्या भूमिकांना प्रवेश देते. ‘@परमिटऑल’ सर्वांना देते, तर ‘@डिनायऑल’ कोणासही देत नाही. मेथडवरील नोंद क्लासवरील नोंदीपेक्षा वरचढ ठरते. उदाहरणार्थ, निकालाच्या संकेतस्थळावर संपूर्ण क्लास ‘शिक्षक’ या भूमिकेपुरता मर्यादित ठेवून निकाल दाखविणारी एकच मेथड सर्वांना खुली करता येते.

कार्यपद्धती

विनंती आली की सर्व्हर प्रथम वापरकर्त्याची ओळख पटवितो. त्यानंतर रिफ्लेक्शन या सुविधेने नोंद वाचून त्याची भूमिका पडताळली जाते. ओळखच पटली नसेल, तर सामान्यतः ४०१ आणि ओळख पटूनही अधिकार नसेल, तर ४०३ हा एचटीटीपी संकेतांक परत येतो. प्रोग्रॅम चालू असताना नोंद वाचता यावी, यासाठी तिची धारणा ‘रनटाइम’ अशी घोषित केलेली असावी लागते.

मर्यादा

नोंद वाचणारा घटक कार्यान्वित केलेला नसल्यास प्रोग्रॅम विनातक्रार चालतो. मात्र नियम लागू होत नाही. जर्सी या चौकटीत त्यासाठी ‘रोल्सअलाउडडायनॅमिकफीचर’ नोंदवावे लागते, तर स्प्रिंग सिक्युरिटीत मेथड-सुरक्षा वेगळी सुरू करावी लागते. स्प्रिंगमध्ये ही तपासणी सहसा प्रॉक्सीमार्फत होते. त्यामुळे एखाद्या मेथडने स्वतःच्याच क्लासमधील दुसरी मेथड बोलाविल्यास ती तपासणी टळते. म्हणून अधिकार नसलेल्या वापरकर्त्याच्या नावे विनंती पाठवून ती खरोखर नाकारली जाते का, हे पाहणे आवश्यक ठरते.