आईचं माहेरचं नाव

पस्तीसहून अधिक वर्षं मी बँकेत नोकरी केली. सह्या, अंगठे आणि वारसनोंदी तपासण्यातच हयात गेली. पुढे टेलिफोनवरून बँकेचे व्यवहार सुरू झाले आणि खातेदार खरा की तोतया हे ताडण्यासाठी एक नवा प्रश्न आला : ‘आईचं माहेरचं नाव?’ घरच्या माणसाला ते ठाऊक असणार, चोराला नाही, असा त्यामागचा हिशेब. हा हिशेब मांडणाऱ्यानं आपली मराठी घरं पाहिली नसावीत. काउंटरपलीकडचे भलेभले गृहस्थ त्या रकान्यापाशी अडखळलेले मी पाहिले आहेत. आजोळचं आडनाव आठवे. आईचं नाव काही केल्या आठवत नसे.

कारण आपल्याकडे मुलीचं नुसतं आडनाव बदलत नसे. ताटातल्या तांदळावर अंगठीनं नवं नाव लिहिलं, पेढे वाटले, की जुनं नाव संपलं. डॉ. आनंदीबाई जोशी माहेरच्या यमुना. रमाबाई रानडेही माहेरच्या यमुनाच. त्यांची चरित्रं लिहिली गेली म्हणून हे आपल्याला कळलं. बाकीच्या असंख्य यमुनांची नावं त्या तांदळातच राहिली.

माझी आई त्यांतलीच. १९३५ साली वाईला जन्मली, कृष्णेच्या घाटावर पोहायला शिकली, व्हर्नाक्युलर फायनल झाली. त्या काळी फायनलवर प्राथमिक शाळेत नोकरी मिळे. तिलाही मिळाली असती. पण १९५३ साली लग्न होऊन ती पुण्याला नारायण पेठेत आली आणि ‘आमच्याकडच्या सुना नोकरी करत नाहीत’ एवढ्या एका वाक्यात आजोबांनी विषय मिटवला. तिनं तो पुन्हा काढला नाही.

१२ जुलै १९६१ रोजी पानशेत फुटलं. मला कडेवर आणि ताईला हाताशी धरून ती बाहेर पडली. पाणी ओसरल्यावर परतली तर घरात चिखल. वाहून गेलेल्या भांड्यांची तिनं खंत केली नाही. ट्रंकेतलं फायनलचं सर्टिफिकेट मात्र पाटावर पसरून दोन दिवस वाळवलं. शाई पसरली होती, तरी अक्षर लागत होतं. त्यावर तिचं माहेरचं नाव होतं.

१९७२ च्या दुष्काळात रेशनवर तांबडी मिलो आली. तिच्या भाकऱ्या थापता थापता आई वाड्यातल्या पोरांकडून पावकी, निमकी, दिडकी म्हणून घेई. नवे पैसे १९५७ सालीच आले होते; तिचा तोंडी हिशेब आण्यांतच चाले आणि कधी चुकत नसे. पोरांना शिकवण्याचे पैसे तिनं घेतले नाहीत. त्याला ती शिकवणीही म्हणत नसे.

जे आम्हाला सांगितलं नाही ते तिनं नातीला सांगितलं. माझी मुलगी नऊ-दहा वर्षांची असताना तिनं विचारलं, “आजी, तुला लहानपणी काय म्हणून हाक मारायचे गं?” वडील तिला ‘अगं’ म्हणत, शेजारी ‘वहिनी’ म्हणत, आम्ही ‘आई’. मामा गेल्यापासून जुन्या नावानं हाक मारणारं कोणी उरलं नव्हतं. तिनं नाव सांगितलं. मग ती दुपारभर पोर त्या नावानं हाका मारत राहिली आणि अडुसष्ट वर्षांची आई प्रत्येक हाकेला ओ देत राहिली. तिचा तसा आवाज मी पूर्वी ऐकला नव्हता.

२०१४ साली आई गेली. निधनाच्या बातमीचा मजकूर एका नातेवाइकानं केला : ‘प्रेमळ, मनमिळाऊ, धर्मपरायण.’ माझी मुलगी तो वाचून म्हणाली, “ही कोण बाई?” त्यात वाईचा घाट नव्हता, पाढे नव्हते, ती हट्टी होती हेही नव्हतं. आईचं देवघर केलं की तिची माहिती ठेवण्याची जबाबदारी संपते.

१ मे २०२४ पासून महाराष्ट्रात जन्मणाऱ्या मुलांच्या नावापुढे आईचं नाव लागतं. चांगलंच झालं. हल्लीच्या पुष्कळ मुली लग्नात नावही बदलत नाहीत. पण ज्यांची बदलली, त्या अजून आपल्या घरांत आहेत, दुपारी एकट्या बसलेल्या असतात. त्यांना विचारायला हवं आणि ते लिहून ठेवायला हवं.

माझ्या आईचं ते नाव इथं छापता येत नाही. अजून माझ्या खात्याचं कुलूप तेच आहे.