बेस्तरवार म्हणजे कोणता वार?

आमची आजी गुरुवारला बेस्तरवार म्हणते आणि रविवारला आईतवार. एकदा मी वर्गात "बेस्तरवारी आणतो" असं बोललो, तर सगळे हसले. घरी जाऊन मी आजीलाच रागावलो, नीट बोलत जा म्हणून. दुसऱ्या दिवशी गुरुजींनी अर्थ सांगितला.

बेस्तर म्हणजे बृहस्पती. ते देवांचे गुरू, म्हणून गुरुवार. आईत म्हणजे आदित्य, म्हणजेच सूर्य. मध्य प्रदेशात एरण गावी एक दगडी खांब आहे. त्यावर इ. स. 484 सालचा लेख आहे आणि त्यात देवांच्या गुरूचा दिवस असा वार कोरला आहे. म्हणजे आजीचाच वार!

आपल्या गावात उर्दू बोलणारे लोक गुरुवारला जुमेरात म्हणतात, जुम्याच्या आधीची रात. इंग्रजीत थर्सडे. थोर हा तिकडचा जुना देव, तो आभाळात गडगडाट करी. जर्मन लोक डोनर्सटाग म्हणतात. डोनर म्हणजे गडगडाट. त्याआधी रोमन लोकांत हा दिवस ज्युपिटरचा होता, आणि इंग्रजीत गुरू ग्रहाला ज्युपिटरच म्हणतात. संडे सूर्याचा, मंडे चंद्राचा, सॅटर्डे शनीचा. बुधवारला मात्र जर्मन लोक मिटवोख म्हणतात, म्हणजे नुसता आठवड्याचा मध्य. मला ते नाव काही आवडले नाही.

पण रविवारनंतर सोमवारच का? जुन्या काळी लोकांना वाटे की सूर्य, चंद्र आणि सगळे ग्रह पृथ्वीभोवती फिरतात. सगळ्यात सावकाश फिरणारा आधी धरून त्यांनी ओळ लावली. शनी, गुरू, मंगळ, रवी, शुक्र, बुध, चंद्र. मग दिवसाचा एकेक तास एकेकाला दिला. पहिला तास ज्याचा, त्याचा वार. आता बोटांवर मोजा. रविवारी पहिला तास रवीचा, दुसरा शुक्राचा, तिसरा बुधाचा. सातांचे तीन फेरे झाले की 21 तास संपले. 22 वा परत रवीचा, 23 वा शुक्राचा, 24 वा बुधाचा. दिवस संपला. पुढचा तास कुणाचा? चंद्राचा! चंद्र म्हणजे सोम, म्हणून सोमवार. मी वहीत सातही वार मोजून पाहिले. एकदा चुकलो, मग बरोबर आले.

हे सगळं आजीला वाचून दाखवलं. ती म्हणाली, "मला काय म्हाईत बाबा. माझी माय म्हणायची, म्हणून मी म्हणते."

— इयत्ता चौथी