जट : देवीचा कोप नव्हे, केसांचा गुंता

आजारातून उठलेल्या मुलीच्या किंवा बाळंतिणीच्या डोक्यात, मानेच्या थोडे वर, केसांची एक गाठ लागते. कंगवा आत शिरत नाही. घरातील वडीलधारी बाई ती पाहते आणि म्हणते, "हिला जट आली." त्या दिवसापासून कंगवा बंद होतो, कात्रीचे नाव काढायचे नाही असे ठरते आणि गाठीला हळदकुंकू लागू लागते. महाराष्ट्रात आणि कर्नाटकाला लागून असलेल्या भागात जट म्हणजे यल्लम्माचे बोलावणे, अशी समजूत आजही अनेक घरांत आहे. या समजुतीपायी पूर्वी कित्येक मुलींना देवाला सोडले गेले. म्हणून हा प्रश्न केवळ केसांचा नाही.

जट कशी होते?

निरोगी माणसाचेही रोज ५० ते १०० केस गळतात. विंचरताना ते निघून जातात. विंचरले नाही तर गळालेले केस शाबूत केसांतच अडकून राहतात. केसावर कौलांसारखे सूक्ष्म खवले असतात. कोरड्या, खरखरीत केसांचे खवले एकमेकांत गुंततात. त्यात घाम, धूळ, त्वचेतून पाझरणारा तेलकटपणा, कोंडा, उवा-लिखा यांची भर पडली की गुंत्याची गाठ आणि गाठीची दोरी होते. वर भंडारा लावला की ती आणखी घट्ट बसते.

टायफॉईडसारखा मोठा ताप किंवा बाळंतपण यांनंतर साधारण दोन ते चार महिन्यांनी केस जास्त गळतात. त्यात अशक्तपणामुळे वेणीफणी राहून जाते. आजारानंतर जट 'अचानक' दिसते, त्याचे कारण हे. मानसिक आजारात माणसाचे स्वतःकडे दुर्लक्ष होते, तेव्हाही जट होऊ शकते.

पहिले महिने मोलाचे

नवी जट बहुतेक वेळा न कापता सुटते. उशीर होईल तसे काम कठीण होते. घरी पुढीलप्रमाणे करावे :

१) गाठीला खोबरेल तेल भरपूर चोळून काही तास मुरू द्यावे. शाम्पूनंतर लावायचे कंडिशनरही चालते.

२) गाठीचे बोटांनी लहान लहान भाग करावेत. सुरुवात नेहमी टोकाकडून करावी, मुळाकडून नव्हे.

३) एका हाताने केस मुळाशी धरावेत, म्हणजे ओढ बसत नाही. रुंद दातांचा कंगवा किंवा विणकामाची बोथट सुई वापरून केस थोडे थोडे मोकळे करावेत. एका बैठकीत संपले नाही तर दुसऱ्या दिवशी करावे.

४) मोकळे झालेले केस सौम्य शाम्पूने धुऊन पूर्ण वाळवावेत. ओले केस बांधून झोपू नये.

५) उवा असतील तर डॉक्टरांच्या सल्ल्याने औषध लावावे आणि सांगितलेल्या दिवशी पुन्हा लावावे. घरातील इतरांचीही डोकी तपासावीत. रॉकेल लावू नये. त्याने त्वचा पोळते आणि आगीचाही धोका असतो.

गाठ सुटलीच नाही तर कापावी. केस महिन्याला सुमारे १ सेंटिमीटर वाढतात. त्यामुळे काही महिन्यांच्या जटेखाली बहुधा थोडे मोकळे केस असतात, तेथे कात्री चालवता येते. त्वचेबाहेरचा केस निर्जीव असतो. त्यात रक्त नाही, मज्जातंतू नाही. नखे कापल्याइतकीच ही साधी गोष्ट आहे.

ठेवली तर काय होते?

जटेखालची त्वचा नीट धुतली जात नाही. खाज सुटते, खाजवून जखमा होतात, पू होतो, दुर्गंधी येते, मानेमागे गाठी सुजतात. जट वाढून जड झाली की मान आणि डोके दुखते, कुशीवर झोपता येत नाही. मुलगी शाळेत जायला लाजते, ही हानी तर मोजताच येत नाही.

भीतीचे काय?

जट कापली आणि महिनाभरात घरात कोणी आजारी पडले, म्हैस मेली, तर दोष कात्रीला जातो. जट असतानाही घरात आजार आणि मृत्यू येतच होते, हे मात्र कोणी मोजत नाही. ही भीती आपल्याकडेच होती असेही नाही. जुन्या वैद्यक ग्रंथांत जटेचे नाव 'प्लिका पोलोनिका', म्हणजे 'पोलंडची जट', असे आहे. जट कापली तर आंधळेपण येते, वेड लागते, असे तेथील लोक मानत. एकोणिसाव्या शतकात क्राकाव शहरातील डॉ. युझेफ डिट्ल यांनी या समजुतीविरुद्ध मोहीम चालवली. पोलंडमध्ये ती भीती आज इतिहासजमा झाली आहे. आज मोठ्या शहरांतील तरुण पैसे मोजून पार्लरमध्ये अशाच जटा करून घेतात, कंटाळा आला की कापून टाकतात. त्यांच्यावर कोणताही कोप होत नाही.

तरीही एक पथ्य पाळावे. झोपेत किंवा जबरदस्तीने कोणाची जट कापू नये. मनात भीती राहिली तर पुढे साधी डोकेदुखीही कोप वाटू लागते. आधी बाईशी आणि घरच्यांशी शांतपणे बोलावे. अंधश्रद्धा निर्मूलनाचे कार्यकर्ते या कामात मदत करतात. मुलीला देवाला सोडणे हा महाराष्ट्रात २००५ च्या देवदासी प्रथाविरोधी कायद्याने गुन्हा आहे, हेही घरच्यांना सांगावे.

डॉक्टरांकडे केव्हा जावे?

डोक्यात जखमा, पू, ताप किंवा मानेमागे गाठी असतील तर लगेच जावे. बाई गप्प राहते, झोपत नाही, अंगात येते असे म्हणते, तर मानसोपचार तज्ज्ञांचाही सल्ला घ्यावा.

श्रद्धा मनात असते, ती केसांत अडकलेली नसते. देवीला नमस्कार जरूर करावा, आणि मुलीची वेणी रोज घालावी.