अपघात विभाग ते आपत्कालीन वैद्यकशास्त्र

डॉ. विल्यम वॉनलेस यांनी 1894 मध्ये मिरजेत रुग्णालय उभे केले, तेव्हा अत्यवस्थ रुग्णाला तेथवर जिवंत आणणे हेच मोठे दिव्य होते. 1962 मध्ये मिरजेला शासकीय वैद्यकीय महाविद्यालयही निघाले. परंतु देशभर ‘अपघात विभाग’ बहुधा नवशिक्या डॉक्टरांवर सोपविलेला असे. अमेरिकेत 1979 मध्ये या शास्त्राला स्वतंत्र शाखेचा दर्जा लाभला. भारतीय वैद्यक परिषदेची मान्यता 2009 मध्ये मिळाली. हा विलंब थोडा नव्हे, कारण येथे निदानापूर्वीच श्वासमार्ग, श्वसन आणि रक्ताभिसरण सांभाळावे लागते.

2014 मध्ये राज्यात 108 क्रमांकाची सेवा 937 रुग्णवाहिकांनिशी सुरू झाली आणि डॉक्टरच रुग्णाकडे जाऊ लागला. खंबाटकी घाटातील अपघात निदान महामार्गावर तरी घडतो. जावळीच्या डोंगरात सर्पदंश झाल्यास वाहन येईपर्यंतचा वेळ गावालाच सांभाळावा लागतो. दंश झालेला अवयव हलू देऊ नये, आवळून बांधू नये, मांत्रिकापायी वेळ दवडू नये. प्रतिविष जवळच्या कोणत्या आरोग्य केंद्रात आहे, याची चौकशी ग्रामपंचायतीने पावसाळ्यापूर्वीच करून ठेवावी. या शाखेचे तज्ज्ञ जत, पाटणसारख्या तालुक्यांच्या रुग्णालयांत कधी बसतील, हा पुढील प्रश्न आहे.