घटस्फोटाचे आकडे आणि आपली कुटुंबे

भारतात घटस्फोटाचे प्रमाण अत्यंत कमी आहे, असे आपण विवाहपूर्व शिबिरांतून व प्रवचनांतून वारंवार ऐकतो. हे विधान खोटे नाही. परंतु त्यावरून आपली कुटुंबे सुखरूप आहेत असा निष्कर्ष काढणे धाडसाचे ठरेल. म्हणूनच राष्ट्रीय आकडेवारी काय सांगते आणि काय सांगत नाही, हे आम्ही येथे समजावून घेत आहोत.

या विषयावरील आपला मुख्य आधार म्हणजे जनगणना. प्रगणक घरी येतो, प्रत्येकाची वैवाहिक स्थिती विचारतो आणि घरची मंडळी जे सांगतील ते लिहून घेतो. त्यामुळे त्या दिवशी किती व्यक्ती घटस्फोटित अवस्थेत होत्या, एवढेच हा आकडा दाखवितो. ज्याने घटस्फोटानंतर पुन्हा विवाह केला, तो 'विवाहित' म्हणूनच मोजला जातो. ज्या घराने लोकलज्जेस्तव खरी स्थिती सांगितली नाही, तेथील दुःख कोणत्याच रकान्यात येत नाही.

२०११ च्या जनगणनेनुसार देशात सुमारे १३ लाख ६० हजार व्यक्ती घटस्फोटित होत्या. एकूण लोकसंख्येच्या तुलनेत हे प्रमाण ०.११ टक्का भरते. त्याच जनगणनेत विभक्त राहणाऱ्यांची संख्या मात्र सुमारे ३५ लाख होती. याचा अर्थ, घटस्फोटित म्हणून नोंद झालेल्या प्रत्येक व्यक्तीमागे अडीचहून अधिक व्यक्ती कागदोपत्री विवाहित, पण प्रत्यक्षात एकाकी होत्या. शिवाय दोन्ही गटांत स्त्रियांची संख्या पुरुषांच्या सुमारे दुप्पट होती. पुरुष पुन्हा विवाह करून मोकळा होतो आणि स्त्री मागे राहते, हे यामागील एक प्रमुख कारण मानले जाते. ख्रिस्ती बहुसंख्य असलेल्या मिझोराममध्ये तर घटस्फोटाचे प्रमाण देशात सर्वाधिक होते. तेव्हा हा प्रश्न इतरांचा आहे, असे आपणांस म्हणता येणार नाही.

कोरोनाच्या महामारीमुळे २०२१ ची जनगणना होऊ शकली नाही. पुढील जनगणनेसाठी १ मार्च २०२७ ही संदर्भ तारीख निश्चित करण्यात आली आहे. टाळेबंदीच्या काळात घराघरांतील नातेसंबंधांवर आलेल्या ताणाचे चित्र २०११ च्या आकड्यांत शोधून सापडणार नाही.

आपल्या समाजात घटस्फोट कमी असण्यामागे श्रद्धेप्रमाणेच कायद्याचाही वाटा होता. १८६९ च्या घटस्फोट कायद्यानुसार ख्रिस्ती पतीला पत्नीचा व्यभिचार सिद्ध करणे पुरेसे होते. पत्नीला मात्र व्यभिचाराच्या जोडीला क्रूरता अथवा परित्याग यांसारखे आणखी कारण सिद्ध करावे लागे. २००१ च्या दुरुस्तीने हा भेद संपला आणि परस्पर संमतीची तरतूदही आली. अनेक मातांनी त्यापूर्वीची वर्षे निमूटपणे सोसली. त्यांची नोंद 'विवाहित' अशीच झाली.

येथे दोन गैरसमज दूर करणे आवश्यक वाटते. पहिला ख्रिस्तसभेच्या न्यायालयाविषयी. हे न्यायालय घटस्फोट देत नाही. विवाहाच्या वेळीच संमतीत मूलभूत उणीव होती काय, हे तपासून तो विवाह मुळातच वैध नव्हता, असा निर्णय ते देऊ शकते. पोप फ्रान्सिस यांनी २०१५ साली ही प्रक्रिया सुलभ केली आणि प्रत्येक प्रकरणी दुसऱ्या न्यायालयाच्या अनुमोदनाची सक्ती रद्द केली. परंतु या निर्णयामुळे देशाच्या कायद्यापुढे विवाह संपुष्टात येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१७ साली स्पष्ट केले आहे. पुनर्विवाह करू इच्छिणाऱ्यास दिवाणी न्यायालयाचा हुकूमनामाही घ्यावा लागतो.

दुसरा गैरसमज अधिक क्लेशदायक आहे. विभक्त अथवा घटस्फोटित व्यक्तीला ख्रिस्तशरीर स्वीकारता येत नाही, असे अनेक जण धरून चालतात. केवळ वेगळे राहिल्यामुळे अथवा दिवाणी घटस्फोट झाल्यामुळे कोणीही या संस्कारापासून वंचित होत नाही. प्रश्न उद्भवतो तो वैध विवाह अस्तित्वात असताना दुसरा संसार थाटल्यास. आणि त्या स्थितीतील बंधुभगिनींनाही ख्रिस्तसभेने दूर लोटलेले नाही. जेथे जीविताला किंवा मुलांना धोका आहे, तेथे वेगळे राहण्यास कॅनन कायदाही मुभा देतो. अशा प्रसंगी वेगळे होणे नैतिकदृष्ट्या आवश्यकही ठरू शकते, असे पोप फ्रान्सिस यांनी जून २०१५ मध्ये सांगितले होते. देशाचा २००५ चा कौटुंबिक हिंसाचारविरोधी कायदाही अशा भगिनींना घटस्फोट न घेता संरक्षण देतो.

तेव्हा घटस्फोटाचा आकडा लहान आहे म्हणून समाधान मानण्यापेक्षा, आपल्या धर्मग्रामातील जी भगिनी वा जो बंधू मिस्साबलिदानाच्या वेळी मागच्या बाकावर बसून राहतो आणि पुढे येत नाही, त्याची आपण कधी विचारपूस केली आहे काय, हे स्वतःला विचारू या. त्या व्यक्तीला धर्मगुरूंपर्यंत नेणे हे आपणांपैकी कोणीही करू शकेल.