धान्याची रास व शंकूचें घनफळ

अकोल्याहून पूर्णेकडे जातांना वाशीमच्या अलीकडे जऊळका हें स्टेशन लागतें. फाल्गुनाच्या सुमारास हरभऱ्याची मळणी आटोपली म्हणजे या भागांत धान्याच्या राशी दृष्टीस पडतात. घरांतील दहावीचा विद्यार्थी महत्त्वमापनाचीं सूत्रें घोकीत बसला असेल, तर त्यास एकदां अशा राशीपुढें उभें करावें.

रास म्हणजे शंकु. त्यास सपाट वर्तुळाकार तळ एक, वक्र पृष्ठ एक, शिरोबिंदु एक आणि कडही एकच. इष्टिकाचितीचीं सहा पृष्ठें, बारा कडा व आठ शिरोबिंदु पाठ झालेल्या मुलास ही गणती प्रथम चमत्कारिक वाटते. शंकूचें घनफळ त्याच तळाच्या व त्याच उंचीच्या वृत्तचितीच्या एक तृतीयांश असतें. जाड कागदाचा शंकु करून त्यानें तेवढाच रुंद व तेवढाच उंच डबा तांदुळानें भरून पाहावा. तिसऱ्या खेपेस डबा कांठोकांठ भरतो.

खरी फसगत उंचीपाशीं होते. मूल राशीच्या उतारावरून दोरी धरतें. ती तिरकस उंची. घनफळास लंब उंची हवी. समजा, परिघ ६ मीटर व लंब उंची ६० सेंटिमीटर आहे. उतार सुमारें ११३ सेंटिमीटर भरतो. तोच सूत्रांत घातला, तर रास जवळजवळ दुप्पट होऊन बसेल! दोघां भावांत अंदाजानें वांटणी करावयाची असेल, तर ही चूक लहान नव्हे. सरळ काठी शेंड्यांतून जमिनीपर्यंत उभी खुपसावी, म्हणजे लंब उंची सांपडते.

भास्कराचार्यांनीं सन ११५० च्या सुमारास 'लीलावती'त राशीचें स्वतंत्र प्रकरणच दिलें आहे. परिघाचा सहावा भाग घ्यावा, त्याचा वर्ग करावा आणि उंचीनें गुणावें. वरील राशीस हें उत्तर ०.६ घनमीटर येतें. सूक्ष्म गणितानें तें सुमारें ०.५७३ होतें. म्हणजे २७ लिटर अधिक, हरभऱ्याचे अदमासें वीस किलो. कारण या रीतींत परिघ व्यासाच्या तिप्पट धरला आहे. आचार्यांस सूक्ष्म प्रमाण ठाऊक नव्हतें असें नाहीं. त्याच ग्रंथांत त्यांनीं ३९२७ भागिले १२५० हें प्रमाण दिलें आहे. पण सहानें भागणें खळ्यावर तोंडीं जमतें.

त्याहून मौजेची गोष्ट ही कीं, उंची मोजावयाचीही त्यांनीं फारशी गरज ठेविली नाहीं. जाड धान्याची उंची परिघाचा दहावा भाग, बारीक धान्याची अकरावा, कुसळाच्या धान्याची नववा. कुसळें एकमेकांत अडकतात, म्हणून ती रास अधिक उभी राहते.

रास भिंतीस टेकली असेल तर ती अर्धा शंकु. दिसणारा परिघ दुप्पट करून घनफळ काढावें व तें निम्मे करावें. खोलीच्या आंतल्या कोपऱ्यांत पाव शंकु, म्हणून गुणक चार. घराच्या बाहेरच्या कोपऱ्यास वेढून पडली तर पाऊण शंकु, गुणक चार तृतीयांश. आणि शेवटीं त्याच गुणकानें भागावें. कोपरा काटकोनी नसेल तर कोणता गुणक घ्यावा, हें मुलानें स्वतः काढावें.