पंचवीस गुणांची जागा

कोलकात्याच्या दक्षिणेला, डायमंड हार्बर रोडच्या दोन्ही अंगांना पसरलेल्या बेहालातली पदवी कॉलेजं कलकत्ता विद्यापीठाशी जोडलेली आहेत. अभ्यासक्रम विद्यापीठाचा, प्रश्नपत्रिका विद्यापीठाच्या, परीक्षेच्या तारखाही विद्यापीठाच्याच. तरी दर सेमिस्टरला ऑनर्सची दोन-तीन मुलं स्टाफरूमच्या दाराशी येऊन घुटमळतात. "मॅम, मला माझा स्वतःचा एक प्रोजेक्ट करायचाय." मी अर्थशास्त्र शिकवते. माझा पहिला प्रश्न ठरलेला असतो : "कुठल्या पेपरात?" पोरं गोंधळतात. त्यांना वाटत असतं की मी विषय विचारीन.

महाराष्ट्रात टी.वाय.पर्यंत पोचल्यावर 'स्पेशल' विषयाचा तोरा मिरवायची जुनी पद्धत होती. बंगालमध्ये मूल बारावी झाल्याबरोबर ऑनर्सचं होतं, आणि पाड्यातल्या, म्हणजे मोहल्ल्यातल्या, काकू-मावश्यांनाही ते कुठल्या विषयाचं आहे हे पाठ असतं. कलकत्ता विद्यापीठाने २०२३-२४ पासून नवी चौकट आणली आणि ऑनर्स चार वर्षांचं झालं. पहिल्या सहा सेमिस्टरांत ७५ टक्के मिळवणाऱ्याला चौथ्या वर्षी संशोधनासह ऑनर्स करता येतं, प्रबंध लिहिता येतो. त्यामुळे बहुतेकांची समजूत अशी की, स्वतःचं काही करायचं ते चौथ्या वर्षी, तोवर नोट्स.

पण जागा पहिल्या सेमिस्टरपासूनच असते. मुख्य विषयाचा पेपर चार क्रेडिटचा, एका क्रेडिटला पंचवीस गुण. तीन क्रेडिट थिअरीची आणि एक ट्युटोरियलचं किंवा प्रॅक्टिकलचं. थिअरीच्या पंचाहत्तर गुणांना कुणी हात लावू शकत नाही. ट्युटोरियलच्या पंचवीस गुणांत काय करून घ्यायचं, हे मात्र बरंचसं विभागावर सोडलेलं असतं. एरवी तिथे घरून लिहून आणलेलं उत्तर चालतं, नाहीतर वर्गापुढे दहा मिनिटांचं सादरीकरण. सगळा वर्ग तेवढं करतो. ज्याला वेगळं काही करायचं आहे, त्याची वाट याच पंचवीस गुणांतून जाते. वेगळा तास नको, वेगळा पेपर नको, विद्यापीठाची परवानगीही नको.

अमेरिकेतल्या अनेक विद्यापीठांत याची रीतसर पद्धत आहे. विद्यार्थी नेहमीच्याच कोर्सला बसतो, पण सत्राच्या सुरुवातीच्या आठवड्यांत प्राध्यापकाबरोबर एक करार करतो : वर्ग जे करेल त्याखेरीज किंवा त्याऐवजी मी अमुक काम करीन, आणि त्याबद्दल हा कोर्स माझ्यासाठी ऑनर्सचा धरावा. स्वार्थमोर कॉलेजचे अध्यक्ष फ्रँक एडलॉट यांनी १९२२मध्ये याच्या बरंच पुढे जाऊन हुशार मुलांसाठी छोटी सेमिनारं सुरू केली, त्यांची परीक्षा घ्यायला बाहेरचे परीक्षक बोलावले. त्यासाठी मनुष्यबळ लागतं. एका पानाच्या कराराला काही लागत नाही. आमच्याकडे तसा छापील फॉर्म नाही, म्हणून आम्ही साध्या कागदावर लिहितो.

त्या कागदावर चार गोष्टी असतात. प्रश्न एका वाक्यात. तो पेपरातल्या कुठल्या युनिटला धरून आहे. वर्गाच्या कुठल्या कामाच्या बदल्यात तो धरायचा. आणि कुठल्या तारखेला काय दाखवायचं. खाली विद्यार्थ्याची सही, माझी सही आणि विभागप्रमुखांची. ही तिसरी सही फार महत्त्वाची. मध्येच शिक्षक बदलला किंवा "हिला एकटीला का वेगळं?" असा प्रश्न वर्गातून आला, की तीच सही उपयोगी पडते. कशाच्या बदल्यात, हा मुद्दा मी मुद्दाम लिहून घेते. हुशार मुलांचा एक भाबडेपणा असतो : ती नेहमीचं कामही करतात आणि वर प्रोजेक्टही. सेमिस्टर संपता संपता दोन्ही अर्धवट राहतात.

या चार गोष्टींतली पहिलीच सर्वांत जास्त वेळ खाते. साखेरबाजारहून येणाऱ्या एका मुलीला 'मेट्रोचा बेहालाच्या अर्थव्यवस्थेवर परिणाम' असा विषय हवा होता. हौस समजण्यासारखी होती. डायमंड हार्बर रोडवरून पूर्वी जोक्यापर्यंत ट्राम जायची, मेट्रोच्या कामासाठी ती गेली. मग रस्त्याच्या मधोमध खांब उभे राहताना बघतच ही पिढी मोठी झाली. ३० डिसेंबर २०२२ला जोका ते तारातला गाडीचं उद्घाटन झालं, मार्च २०२४मध्ये ती माझेरहाटपर्यंत गेली आणि लोकल रेल्वेला जोडली गेली. पण 'परिणाम' कुठे उभं राहून मोजणार? पेपर संख्याशास्त्राचा होता, युनिट नमुना निवडीचं. घासत घासत प्रश्न एवढा झाला : सकाळच्या गर्दीत बेहाला चौरस्त्यावरून आतल्या पाड्यांकडे सुटणाऱ्या ऑटोंमध्ये मेट्रोतून उतरलेले प्रवासी किती?

कोलकात्याची ऑटो ठरलेल्या मार्गावर चालते, चार सवाऱ्या भरल्या की सुटते. मागे तिघं, पुढे चालकाशेजारी एक. मुलीने सुरुवातीला सोपा मार्ग काढला. प्रत्येक ऑटोत पुढे बसलेल्यालाच विचारायचं, कारण त्याच्याशी बोलणं सोपं. दोन सकाळींची वही तिने आणून दाखवली, तर त्यात जवळजवळ सगळे पुरुष. पुढच्या सीटवर बायका शक्यतो बसत नाहीत, हे तिला स्वतःला रोजच्या प्रवासातून ठाऊक होतं. पण त्याचा संख्याशास्त्राशी संबंध आहे, हे वहीतली यादी बघेपर्यंत लक्षात आलं नव्हतं. मग तिने चार चिठ्ठ्या केल्या, प्रत्येक ऑटोला एक चिठ्ठी, त्यावर जी सीट निघेल त्या सवारीला प्रश्न. पुढे आणखी एक अडचण दिसली. एका ऑटोत चढणारे दोघं-तिघं एकत्रच आलेले असतात, त्यामुळे एकाचं उत्तर कळलं की दुसऱ्याचंही कळल्यासारखंच. पुस्तकात या गोष्टीला एक परिच्छेद आहे. वर्ग त्यावरून पुढे गेला होता. तिने परत येऊन तो परिच्छेद पुन्हा शिकवायला लावला.

दुसऱ्या एका मुलाचा विषय पाणी. बेहालात पावसाळ्यात पाणी साचतं, हे कोलकात्यात कुणाला सांगावं लागत नाही. हा भाग सखल. १९८४ साली महापालिकेत सामील झालेल्या जुन्या साउथ सबर्बन नगरपालिकेचा. पाणी खाल म्हणजे कालव्यांतून हुगळीकडे जातं, आणि हुगळीला भरती असली की नदीकडची फाटकं बंद करावी लागतात. त्या वेळी वरून पाऊस असेल तर पाणी जाणार कुठे? मुलाला ड्रेनेजवर लिहायचं होतं. पण ते अभियांत्रिकीचं काम, आणि पेपर सूक्ष्म अर्थशास्त्राचा. त्या पेपरात एक युनिट असतं : एकाच्या निर्णयाची किंमत दुसऱ्याला मोजावी लागते तेव्हा काय होतं. तिथे त्याचा प्रश्न बसला : गल्लीतला एक दुकानदार जमिनीची पातळी वाढवतो तेव्हा शेजारचे काय करतात?

त्याने शिंप्याकडची टेप घेतली आणि घराजवळच्या एका गल्लीतल्या प्रत्येक दुकानाच्या फरशीची रस्त्यापासून उंची मोजली. दर दुकानात दोनच प्रश्न : फरशी शेवटची कधी उचलली, आणि का? साल कुणालाच धड आठवेना. मग त्याने अम्फान वादळाचा, म्हणजे मे २०२०चा, खुंटा धरला. 'अम्फानच्या आधी की नंतर?' असं विचारलं की उत्तर लगेच मिळायचं. फरशी उचलण्याचं कारण म्हणून त्याला शेजाऱ्याचं नाव ऐकायला मिळेल असं वाटलं होतं. मिळालं ते भलतंच. डांबराचा नवा थर पडला की रस्ता उंच होतो आणि दुकान आपोआप खाली जातं, असं एकामागून एक दुकानदार सांगत गेले. म्हणजे शर्यत दुकानांची आपसात तर होतीच, त्याहून जास्त ती दुकानांची रस्त्याशी होती. प्रश्न बदलायचा का, असं विचारत तो आला. आम्ही कागदावरची ओळ खोडली, नवी लिहिली, तिघांनीही पुन्हा सह्या केल्या. करार बदलता येतो. फक्त बदलला हे लिहून ठेवायचं.

तिसरा प्रोजेक्ट पूजेचा. पूजेवर प्रोजेक्ट मागणारा निदान एक जण दर वर्षी असतोच. इथे बडिशाला सावर्ण रायचौधुरी घराण्याची आटचाला, म्हणजे जुना पूजामंडप, आहे. तिथली दुर्गापूजा १६१०पासूनची मानतात. याच घराण्याकडून ईस्ट इंडिया कंपनीने १६९८मध्ये, पुढे जिथे कोलकाता उभं राहिलं त्या तीन गावांचा हक्क १३०० रुपयांना घेतला. त्याच बडिशात बडिशा क्लबने २०२०मध्ये दुर्गा स्थलांतरित मजूर आईच्या रूपात उभी केली आणि देशभर तिची चर्चा झाली. २०२१च्या डिसेंबरात युनेस्कोने कोलकात्याच्या दुर्गापूजेला वारशाच्या यादीत घेतलं. ब्रिटिश कौन्सिलच्या अभ्यासाने २०१९च्या पूजेभोवतीची सर्जनशील उलाढाल ३२,३७७ कोटी रुपयांची ठरवली. एवढं सगळं वाचून मुलगा 'पूजेचं अर्थकारण' घेऊन आला. मी म्हटलं, कोटींत बोलणारे खूप आहेत, तू एक बांबू पकड.

त्याने खरंच बांबू पकडला. मंडपाचा सांगाडा डेकोरेटर उभा करतो, बांबू बहुधा त्याचे, क्लब भाडं देतो. प्रश्न झाला : दुर्गापूजेचा बांबू कालीपूजेला आणि पुढे जगद्धात्रीपूजेला पुन्हा लागतो का, आणि प्रत्येक वेळी त्याचं भाडं कसं ठरतं? क्लबच्या खजिनदारांनी हिशेब दाखवायला नम्रपणे नकार दिला. डेकोरेटरने मात्र ओट्यावर बसवून, चहा पाजून वही उघडली. अट एकच घातली, नावं लिहायची नाहीत. ती अट आमच्या कागदावर पाचवी ओळ म्हणून चढली.

या तिघांनाही छळलं ते कॅलेंडरने. विषम सेमिस्टरच्या ऐन मध्यात पूजेची सुट्टी पडते, आणि तिच्या आधीचे आठवडेही कुणाचं चित्त थाऱ्यावर नसतं. सुट्टीत फील्डवर्क करीन, असं सगळेच म्हणतात. पण त्या दिवसांत चौरस्त्यावर ऑटो मोजण्यात अर्थ नाही, गर्दी मंडप बघणाऱ्यांची असते. पाण्याचा प्रोजेक्ट ऑगस्ट-सप्टेंबरातच करावा लागतो, पाणी नोव्हेंबरपर्यंत थांबत नाही. बांबूचा मात्र पूजेतच. म्हणून कागदावरच्या तारखा प्रश्न बघून ठरवायच्या. आमचा एक साधा नियम आहे : महालयेपर्यंत, म्हणजे सर्वपित्री अमावस्येपर्यंत, ज्याच्या हातात मोजायला काही नाही, त्याने नेहमीचं ट्युटोरियल लिहावं. यात अपमान काही नाही, आणि तसं करारातच लिहिलेलं असतं.

गुण देणं हा सर्वांत नाजूक भाग. प्रोजेक्टवाल्याला चार गुण जास्त मिळाले की वर्गात कुजबुज होते, आणि ती रास्त असते. आम्ही निकष आधीच फळ्यावर लिहितो, सगळ्यांना तेच : प्रश्न नेमका आहे का, पुरावा कुठून आणला, युनिटमधली कल्पना नीट वापरली का, मर्यादा सांगितल्या का. नेहमीचं उत्तर लिहिणाऱ्यालाही यात पूर्ण गुण मिळू शकतात आणि मिळतातही. तोंडी परीक्षेला मी वही मागते. स्पायरल बाईंडिंग केलेली रंगीत प्रत कुणीही आणतो. वहीत ऑटोस्टँडवर उभ्याने लिहिलेली वाकडी अक्षरं असतात, खोडाखोड असते. ती बघून एखाद्या नोंदीवर बोट ठेवलं की मूल न अडखळता बोलू लागतं. विकत घेतलेल्या प्रोजेक्टचं तसं होत नाही.

विकत घेतलेले प्रोजेक्ट हे सक्तीचं अपत्य. पर्यावरणाचा पेपर पदवीच्या सगळ्या विद्यार्थ्यांना लागू झाला तो एम. सी. मेहता यांच्या याचिकेवरच्या सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशामुळे. विद्यापीठ अनुदान आयोगासाठी त्याचं पाठ्यपुस्तक पुण्याच्या एराक भरुचांनी लिहिलं. आयोगाच्या या पेपरच्या आराखड्यातही क्षेत्रभेटीला शंभरापैकी पंचवीसच गुण होते : जवळची नदी, टेकडी, तळं बघा, एखादी प्रदूषित जागा बघा. कल्पना उत्तम होती. पण हजारो मुलांना एकाच महिन्यात तळं बघायला सांगितलं की तळं झेरॉक्सच्या दुकानात मिळू लागतं. आता महाराष्ट्रातही नव्या शैक्षणिक धोरणाबरोबर फील्ड प्रोजेक्ट, ओजेटी (ऑन-जॉब ट्रेनिंग), समाजसहभागाचे प्रकल्प सगळ्यांच्या वाट्याला आले आहेत. आपल्याकडच्या प्राध्यापकांना आणि पालकांना माझं सांगणं एवढंच, की सक्तीच्या प्रकल्पालाही एका पानाचा करार जोडता येतो. प्रश्न लहान, गल्ली ठरलेली, तारीख ठरलेली. तेवढ्याने नक्कल अवघड होते, कारण बेहालातल्या पर्णश्रीच्या गल्लीतल्या फरशीची उंची कोथरूडच्या मुलाला चालत नाही.

अशा लहान मोजण्यांतून मोठं काम उभं राहतं, याचे दाखले दोन्हीकडे आहेत. पुण्यात धनंजयराव गाडगीळांनी गोखले इन्स्टिट्यूटमधून शहराची घरोघर पाहणी केली. कोलकात्यात निर्मलकुमार बोस यांनी शहराची सामाजिक पाहणी केली, ती १९६८मध्ये पुस्तकरूपाने आली. ती मोठी माणसं होती, त्यांच्यामागे संस्था होत्या. पण दारोदार जाऊन प्रश्न विचारणारे हात तेव्हाही तरुणांचेच होते.

चौथ्या वर्षी प्रबंधाला बसायचं तर ७५ टक्के लागतात, आणि ते बहुतांशी थिअरीतून येतात. प्रश्न लहान कसा करायचा, नकार आल्यावर कुणाच्या ओट्यावर बसायचं, आकडा खोटा का वाटतो, हे त्या टक्क्यांत मोजलं जात नाही. ज्याने दुसऱ्या-तिसऱ्या सेमिस्टरला पंचवीस गुणांच्या जागेत ते एकदा केलेलं असतं, तो प्रबंधाच्या पहिल्या बैठकीत विषय घेऊन येत नाही. वहीत लिहिलेलं एकच वाक्य घेऊन येतो, आणि ते वाक्य प्रश्नचिन्हाने संपतं.